बाकाखाली मी एकटी

लेकीच्या शाळेतून काल मेसेज आला, उद्या भूकंपाचं मॉक ड्रिल आहे. तो वाचताना मला आमच्या शाळेतल्या बाकाखालचा वास आला, खडूच्या धुळीचा आणि कुणाच्या तरी डब्यातून सांडलेल्या लोणच्याचा.

मी चौथीत होते. वडिलांची बदली झाल्यामुळे आम्ही देवळाली कॅम्पला नुकतेच आलो होतो. तिथे लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा. वर्गाच्या काचा खडखडायच्या, पण कुणी मान वर करायचं नाही. एकदा एक साहेब शाळेत येऊन शिकवून गेले, की जमीन हलली तर डोकं धरून बाकाखाली बसायचं आणि हलायची थांबली की मैदानात जायचं.

दुसऱ्याच दिवशी सतराचा पाढा चालू असताना काचा खडखडल्या आणि बाकही हललं. मी दप्तर डोक्यावर घेऊन खाली शिरले. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"अगं, तोफा आहेत त्या," बाई फळ्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"बाई, पण जमीन हलली."

"इथे रोजच हलते. ही नाटकं मैदानात जाऊन कर. तास संपेपर्यंत तिथेच उभी राहा."

मी रडत उन्हात उभी राहिले. आत पाढा पुढे चालूच होता.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पेपर वाचून दाखवला. तो भूकंपाचाच धक्का होता, सौम्य.

तेव्हा मला फक्त अपमान कळला होता. आता वाटतं, साहेबांनी शिकवलेलं सगळं करणारी अख्ख्या शाळेत मी एकटीच होते, आणि त्यातलं निम्मं बाईंनी शिक्षा म्हणून करून घेतलं होतं.