भेगेवरची काच

महिन्यापूर्वी गवंडीमामांनी आमच्या घराच्या पायाला पडलेल्या भेगेवर सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली. म्हणाले, "ताई, काच तडकली तर पाया अजून खचतोय, असं समजायचं."

आठवड्यातच ती तडकली. मी यांना दाखवली. "पाया मी स्वतः उभा राहून भरून घेतलाय," असं म्हणून हे तरातरा आत गेले.

आज मामा आले, तर तिथे अख्खी, नवी पट्टी. "थांबला हो पाया!" मामा खूश. हे माझ्याकडे न बघता हसले. मी चहा टाकायला आत गेले.

भेगेला हात घालण्यापेक्षा काच बदलणं सोपं, हे मला कुणी शिकवायला नको. दर रविवारी आईचा फोन येतो. "कशी आहेस गं?" विचारते. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी दर वेळी नवी काच लावते. "मजेत," म्हणते.