माऊसवरचा हात

आमची सून मुक्ता ऑनलाइन एमबीएला प्रवेश घेतेय. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती स्पेशलायझेशन निवडत होती, मी समोर मटार सोलत बसले होते. कारखान्याचा माल वेळेवर पोचवणं हेच तिचं काम, म्हणून तिने ‘सप्लाय चेन’वर बाण नेला. तेवढ्यात माझा मुलगा मागून आला आणि तिच्या हाताखालचा माऊस त्याने अलगद काढून घेतला.

“एचआर घे गं. तुला माणसं सांभाळायची सवय आहे. शिवाय घराकडेही बघता येईल.” असं म्हणून त्याने क्लिकसुद्धा केलं.

त्यात दरडावणी नव्हती, हेच माझ्या डोक्यात गेलं. लग्नापासून आमचे हे हॉटेलात गेलं की माझ्या हातातलं मेन्यूकार्ड असंच अलगद घेतात आणि वेटरला सांगतात, “दोन मसाला डोसे.” मला उत्तप्पा हवा असतो. लोक म्हणतात, किती काळजी घेतात! काळजी कसली डोंबलाची! ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. या प्रेमळ हातांशी भांडायला गेलं की आपणच कजाग ठरतो.

“परीक्षा तू देणार आहेस का रे?” मी विचारलं.

“आई, तुला यातलं काय कळतं?”

“यातलं नाही कळत. तो हात कळतो. आधी तो काढ.”

त्याने काढला. मुक्ताने बाण पुन्हा ‘सप्लाय चेन’वर नेला आणि क्लिक केलं.

रविवारी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे हॉटेलात जाऊ. मेन्यूकार्ड मी दोन्ही हातांनी धरून बसणार आहे. बघतेच, कोण काढून घेतंय ते.