तिच्या नावाचं मत

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मी आणि माझे वडील परळच्या एका शाळेत, मतदान केंद्रावर, एकाच बाकावर बसलो होतो. ते सत्ताधारी पक्षाचे प्रतिनिधी, मी मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीची. मधे एक खादीची पिशवी होती. तिच्यात आईनं आम्हा दोघांसाठी एकाच डब्यात पोळीभाजी दिली होती.

बाबा गोदीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. आजोबाही कारकूनच. आमच्या घरात नोकरी, पेन्शन आणि पक्ष या तीन गोष्टींवर कुणी शंका घेत नसे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी मतदार याद्या होत होत्या, तेव्हा बाबा चाळीत दारोदार फिरले होते. त्या वेळी बायका स्वतःचं नाव सांगायलाच तयार नसत. ‘अमक्याची आई लिहा’, ‘तमक्याची बायको लिहा’ असं दाराआडून सांगत. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, “बाई, मत तुमचं आहे. नाव तुमचंच पाहिजे.” त्या निवडणुकीत आमचा भाग जोडमतदारसंघात होता, म्हणजे एका मतदारसंघातून दिल्लीला दोन खासदार जात. दोन्ही जागा बाबांच्या पक्षानं जिंकल्या. बाबांनी पेढे वाटले आणि अख्ख्या चाळीनं ते खाल्ले.

पुढे शेजारच्या खोलीत मालवणकडचं एक जोडपं आलं. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. ती वयानं माझ्याएवढीच, पण लग्न झालेली म्हणून मी तिला वहिनी म्हणायची. हसरी होती, आणि आवाज एवढा मोठा की नळावर बोलली तर आम्हाला घरात ऐकू यायची. तिचं नाव यादीत घालायला बाबा गेले तेव्हा मी बरोबर होते. तिनं विचारलं, “कुठलं नाव सांगू? माहेरचं का लग्नातलं?”

बाबा म्हणाले, “ज्या नावानं हाक मारली की तू वळून बघतेस ते.”

तिनं माहेरचं सांगितलं. मग आत बघून जीभ चावली, कारण नवरा आत बसला होता. तोही हसला.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवर सांगितलं ती जानेवारीतली संध्याकाळ मला आठवते. खालच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती माणसं उभी होती. बातमी संपल्यावर एकदम ओरडा झाला. त्या आठवड्यात लालबाग-परळमधे गिरण्या बंद, ट्रॅम बंद, रस्त्यावर दगड आणि जळके टायर. बाबा सारखे म्हणत, “मुंबई आपलीच आहे. पण हे वरिष्ठ बघतील. रस्त्यावर उतरून राज्य मिळत नसतं.” मुंबई त्यांनाही हवी होती. फक्त ती मागायची कशी, हे पक्षानं ठरवायचं, असा त्यांचा हिशेब.

त्यातल्या एका दुपारी खाली गोळीबार सुरू झाला. आईनं दार लावून घेतलं. वहिनीचं लुगडं बाहेर गॅलरीत वाळत होतं. ते तेवढं घेऊन येते म्हणून ती बाहेर गेली. भिंतीपलीकडून मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि तिच्या नवऱ्यानं हाक मारली. तिच्या नावानं. एकदा, दोनदा, मग नुसताच ओरडला.

मी दार उघडलं तेव्हा ती कठड्याला टेकून बसली होती. लुगडं तिच्या मांडीवर होतं. मला वाटलं, घाबरून बसली आहे. मी म्हटलं, “वहिनी, आत चला.” मान हलली नाही. मी लुगडं उचललं आणि तेव्हा मला दिसलं. रस्त्यावरच्या जमावासाठी झाडलेली गोळी दुसऱ्या मजल्यावर कशी आली, हे आजही मला समजत नाही. त्या वेळी तर मला तेवढंच दिसत होतं, की कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं आहे. ते बघून मी उभीच राहिले. आईनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि स्वतः बाहेर तिच्याजवळ जाऊन बसली.

बाबा तिच्या नवऱ्याबरोबर इस्पितळात गेले, स्मशानातही गेले. आल्यावर आंघोळ करून तसेच बसून राहिले. मी विचारलं, “आता तरी पक्ष सोडणार का?”

“पक्षानं गोळी नाही घातली,” ते म्हणाले.

“मग कुणी घातली?”

ते उठून ओला पंचा वाळत घालायला गेले. त्या महिन्यात मी समितीच्या कचेरीत जायला लागले. मी घरातून निघायची तेव्हा ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे, पण अडवलं कधी नाही. चाळीनं मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात माणसं बाजूला होऊन वाट द्यायची. वाट मिळायची, शब्द मिळायचा नाही.

वहिनीची आई गावाहून बोटीनं आली. मुलीचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. ती जावयाकडेच राहिली, त्याला रांधून घालायला. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती फार बोलत नसे. मुलगी जिथे बसली होती त्या जागी गॅलरीत रोज सकाळी पाणी शिंपडायची. बाबांशी चाळीत बोलणारी ती एकटीच. “भाऊनू, चाललास काय हापिसात?” असं विचारायची. मला ते बघवत नसे.

वर्षभरानं निवडणूक आली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपण कागद नेऊन हव्या त्या पेटीत टाकायचा. आमचा मतदारसंघ अजूनही जोडच होता, त्यामुळे लोकसभेसाठी प्रत्येकाला दोन कागद मिळत आणि ते दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे. विधानसभेचं मतदान पलीकडच्या वर्गात होतं. आम्ही प्रतिनिधींनी करायचं काम एवढंच, की अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं की समोरचा माणूस तोच आहे ना ते बघायचं. नसेल तर हरकत घ्यायची.

सकाळपासून रांग फाटकाबाहेर गेली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. बाबांकडे कुणी बघत नव्हतं. ते प्रत्येकाला ओळखीचं हसत होते आणि यादीवर खूण करत होते.

दुपार व्हायच्या आत कधीतरी अधिकाऱ्यानं एक नाव वाचलं आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. वहिनीचं नाव होतं ते. माहेरचं.

मी वर बघितलं. टेबलासमोर मावशी उभी होती. हातात नावाची चिठ्ठी, डोक्यावरून पदर, डावा हात शाईसाठी आधीच पुढे केलेला.

मयतांची नावं कमी करायला अर्ज द्यावा लागतो. त्या वर्षात ते कुणाला सुचलंच नव्हतं. अधिकारी कुठूनतरी बदलून आलेला तरुण मास्तर होता, त्याला काय माहीत. त्यानं विचारलं, “हे तुमचंच नाव ना, आजी?”

“होय,” मावशी म्हणाली.

यादीत वय बाविशीचं आणि समोर पांढऱ्या केसांची बाई. त्यानं यादी बघितली, तिला बघितलं, मग आमच्या बाकाकडे बघितलं. मी पडलेली पेन्सिल उचलायला वाकले. ते नाव त्या वर्गात, एका परक्या आवाजात, मोठ्यानं वाचलं गेलं होतं. क्षणभर मला खरंच वाटलं, की आता नळावरून तिचा आवाज येईल.

बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“माझी हरकत आहे,” ते म्हणाले.

“कोण आहेत या?” मास्तरनं विचारलं.

“ज्या बाईचं नाव आहे त्या वारल्या. या त्यांच्या आई.”

मावशीनं हात मागे घेतला नाही. ती बाबांकडे वळली.

“भाऊनू, तुमीच मा तिचा नाव लिवलात? आता तुमीच काडतास?”

“मावशी, ते मत तिचं होतं.”

“मगे? तिचाच घालूक इलंय मी. माझा नाय. माका मत देवक येणा नाय. तिचा ऱ्हवला, म्हणान इलंय.”

कुणीतरी मागून ओरडलं, “टाकू द्या तिला! गोळी घालायला कायदा लागला नाही, आता मत टाकायला लागतो?” बायका पुढे सरकल्या. दारातला हवालदार आत आला. मास्तर घाबरून उभाच राहिला आणि म्हणाला, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं गुन्हा आहे, त्याला या बाईंना पोलिसांच्या हवाली करावं लागेल.

तेव्हा बाबांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “कुणी हात लावायचा नाही त्यांना! हरकत मी घेतली आहे. त्यांनी कागद घेतलेला नाही, बोटाला शाई लागलेली नाही. काय गुन्हा झाला? त्या घरी जातील.”

मास्तरनं मान डोलावली. त्यालाही सुटका हवी होती. मावशीनं हात खाली घेतला, चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि बाबांना म्हणाली, “बरा.” एवढंच. राग नाही, रडणं नाही. ती गेली आणि रांग तिच्यासाठी दुभंगली. जाणाऱ्या प्रत्येक बाईनं मग बाबांकडे बघितलं. सकाळी कुणी बघत नव्हतं ते बरं होतं, असं मला वाटलं.

बाबांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायला निरोप दिला. मग बाहेर जाऊन पुरुषांच्या रांगेत, अगदी शेवटी, उन्हात उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा मीच यादीवर त्यांच्या नावापुढे खूण केली. ते दोन कागद घेऊन पडद्याआड गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मास्तर अस्वस्थ होऊन खाकरला. मग ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी पेट्या मोहोरबंद करायला पडद्याआडून बाहेर आणल्या. समितीच्या पेट्या शिपायानं दोन्ही हातांनी, पोटाशी धरून आणल्या. त्यातली एक भरली म्हणून मधेच दुसरी लावावी लागली होती. बाबांच्या पक्षाच्या दोन पेट्या त्यानं दोन हातांत लोंबकळवत आणल्या. त्या टेबलावर ठेवताना आत कागद सरकल्याचा आवाज आला. याच शाळेत, पाच वर्षांपूर्वी, याच माणसांनी त्या पक्षाच्या पेट्या भरल्या होत्या. मी जिंकत होते, आणि मला धक्का बसला होता. एवढी माणसं एवढी फिरतात?

निकाल लागला तेव्हा मतदारसंघातल्या दोन्ही जागा समितीला गेल्या. लालबागला गुलालानं रस्ता दिसेना. मी गुलालानं माखून घरी आले तर बाबा आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, “लोकांनी निकाल दिला. चांगलं झालं.” पण पक्षाच्या कचेरीची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. खादी मात्र शेवटपर्यंत घातली.

मावशी त्याच वर्षी पावसाळ्याआधी गावी गेली. जावयाचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि तिनंच ते ठरवलं होतं. बोटीवर पोचवायला बाबा गेले. धक्क्यावर दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. आल्यावर एवढंच म्हणाले, “बोट वेळेवर सुटली.”

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. त्यानंतरच्या निवडणुकीत जोडमतदारसंघ मोडून त्याचे तुकडे केले आणि आमच्या भागानं पुन्हा त्या जुन्या, सत्ताधारी पक्षाला निवडून दिलं. जिच्या रक्ताचे डाग गॅलरीतून घासून काढावे लागले, त्या वहिनीला लोक एवढ्यात विसरले? आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर तावातावानं बोलत राहिले, की ही माणसं अशी कशी, एकदा इकडे, एकदा तिकडे.

आई म्हणाली, “मी तर तेव्हाच दोन्हीकडे दिलं होतं.”

मला कळेना. “म्हणजे?”

“दोन कागद होते ना? एक तुझ्या समितीच्या पेटीत टाकला. एक ह्यांच्या पक्षाच्या.”

वहिनीच्या डोक्याखाली मांडी देऊन, लुगडं रक्तानं भिजेपर्यंत बसून राहिलेली बाई ही. वर्षभर त्या पक्षाचं नाव निघालं की उठून आत जाणारी.

“आई, तू? त्यांना?”

“त्यांना नाही गं. ह्यांना,” ती म्हणाली. “रांगेत बायका सांगत होत्या सकाळी काय झालं ते. म्हणत होत्या, त्याची पेटी आज रिकामी निघाली पाहिजे, एक कागद नको. मी आत गेले, तर पेट्या ओळीनं मांडलेल्या. पहिला तिच्यासाठी टाकला. दुसरा हातात राहिला. म्हटलं, एवढ्या चाळीत ह्यांच्या पेटीत कुणाचं तरी असू दे.”

“आणि बाबांना सांगितलंस?”

“छे. त्यांना राग आला असता. म्हणाले असते, मत असं द्यायचं नसतं.”

तिनं काड्या कागदात गुंडाळल्या आणि भाजी धुवायला घेऊन गेली. मोरीत नळ सुरू झाला.