कमरेएवढं पाणी

आईला आम्ही ‘तळी बघायला जाऊ’ एवढंच सांगितलं होतं. बोटीचं सांगितलं असतं तर ती आइंडहोवनच्या घरातून हललीच नसती. ती पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि बायकोने फ्रीसलंडमध्ये, म्हणजे देशाच्या पार उत्तरेला, एका दिवसासाठी विजेवर चालणारी उघडी बोट भाड्याने घेतली होती. असल्या छोट्या बोटीला इथे परवाना लागत नाही. डच मालकाने दहा मिनिटांत सुकाणू धरायला शिकवलं, चार लाइफ जॅकेट दिली, नकाशा हातात ठेवला आणि तो कॉफी प्यायला गेला.

आई धक्क्यावर थबकली.

“यात बसायचंय?”

“हो.”

“आणि तुला पोहता येतं का?”

येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने मला लहानपणी पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. शाळेची सहल धरणावर गेली तेव्हा पोटात दुखतंय अशी चिठ्ठी पाठवून घरी ठेवलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही आणि मीही पुढे विचारायचं सोडून दिलं. मी बेचाळीस वर्षांचा आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी मात्र इथल्या इतर मुलांसारखी कपडे-बुटांसकट पोहण्याची परीक्षा पास झाली आहे. तिनेच आजीचा हात धरून तिला बोटीत नेलं. आई बाकाच्या बरोबर मध्यभागी बसली आणि जॅकेटचे पट्टे आणखी आवळून घेतले.

तळं मोठं, पण बेटं इवलीशी. एखाद्यावर चार झाडं आणि लाकडी धक्का, एखाद्यावर नुसतं लव्हाळं. लोक बोट बांधून गवतावर पुस्तक वाचत पडलेले. समोरून येणारा प्रत्येक जण हात करायचा. पहिला तासभर आईने फक्त मान हलवली, मग तीही हात करू लागली. एक काळा पक्षी पिल्लांना घेऊन आडवा गेला. “चांदवा आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे हिवाळ्यात येतात.”

चूक माझीच. मोठी बोटवाट लाल-हिरव्या खुणांमधून जात होती. मी वेळ वाचवायला दोन बेटांच्या मधून घुसलो. मोटर कण्हली आणि थांबली. वारा आम्हाला हळूहळू लव्हाळ्यात ढकलू लागला. मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “पंख्यात गवत गुंतलंय. उतरा आणि काढा. मला तिकडे यायला दोन तास लागतील.”

पाणी चहाच्या रंगाचं. तळ दिसत नव्हता.

“मी जाते ना, आय हॅव माय डिप्लोमा,” मुलगी बूट काढत म्हणाली.

“तू बस खाली,” बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघितलं.

तेवढ्यात आई उठली. बोट डुलली तशी तिने कड धरली. टोकाला आकडा असलेली लांब काठी उचलून तिने पाण्यात उभी घातली, गाळातून घट्ट तळाला टेकवली, बाहेर काढून ओल्या खुणेला हात लावला आणि ती खूण माझ्या अंगाशी धरून बघितली. बोटीच्या दुसऱ्या कडेलाही तसंच केलं.

“कमरेएवढं आहे. उतर,” ती म्हणाली. “आधी मोटर बंद कर. किल्ली माझ्याकडे दे.”

मी उतरलो. पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेले, पण खाली तळ होता आणि पाणी खरंच कमरेशी थांबलं. पंख्याभोवती गवताचा दोरखंड झाला होता. अर्धा तास ओरबाडत होतो. डावी चप्पल गाळाने ठेवून घेतली. तेवढा सगळा वेळ आई बोटीच्या कडेवर ओणवी होऊन माझ्या जॅकेटची पट्टी मुठीत धरून होती. “बाजूला हो, मला जोर लावू दे,” म्हटलं तरी सोडली नाही.

नंतर आम्ही जवळच्या बेटावर बोट बांधली. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी काढली. मी टॉवेल गुंडाळून बसलो होतो. पाण्याकडे बघतच आई म्हणाली, “मला एक थोरला भाऊ होता. कृष्णेच्या डोहात गेला.”

मी खायचा थांबलो. मला आतापर्यंत एकच मामा माहीत होता.

“पट्टीचा पोहणारा होता. गावात त्याच्यासारखा कुणी नव्हता. म्हणून मला वाटायचं, पोहता येणाराच पाण्यात जातो. न येणारा काठावर राहतो, जगतो.”

“मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तुझ्या आजीने त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. पुढे सवयच मोडली.”

“हाऊ ओल्ड वॉज ही?” मुलीने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं.

“चौदा,” आई म्हणाली आणि तिच्या ताटलीत आणखी एक दशमी वाढली.

पुढच्या आठवड्यात मी तरणतलावावर मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. मंगळवारी संध्याकाळचा वर्ग. माझ्यासोबत एक सीरियन आजोबा आणि दोन नर्स. आई दर वेळी यायची, काचेपलीकडच्या बाकावर स्वेटर घालून बसायची. मी पाण्यात तोंड घातलं की ती दुसरीकडे बघायची. चौथ्या वर्गापासून बघू लागली. ती परत गेली तेव्हा मला पाठीवर तरंगता येत होतं. पोटावर अजून नीट जमत नाही.