लॅमिनेट केलेले पासवर्ड

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. वीस वर्षं झाली. या नोकरीनं मला पिंपळे गुरवला फ्लॅट दिला, पाठदुखी दिली आणि लेबलं लावायचं वेड दिलं. आमच्याकडे फाइव्ह-एस नावाचा प्रकार असतो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, जागेवर तिचं नाव, आणि ते नाव चार हातांवरून वाचता आलं पाहिजे. कारखान्यात हे फार चांगलं आहे. मी शहाणा, ते घरी घेऊन आलो. डाळींच्या डब्यांना लेबलं, चपलांच्या जागेला पिवळी पट्टी, गिझरच्या बटणावर ‘गिझर’. “अहो, माझ्या कपाळावर ‘बायको’ चिकटवा, म्हणजे गर्दीत सापडेन,” असं बायको म्हणायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

मग कंपनीत ऑनलाइन फसवणुकीवर एक तासाचं ट्रेनिंग झालं. त्यातला पाऊण तास मी चहा कधी येतो हे बघत होतो. तरी घरी येऊन जाहीर केलं की आजपासून सगळ्यांचे पासवर्ड एका जागी राहतील, घरात कुणाचं काही लपून राहता कामा नये. मुलगी ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “पप्पा, कुणाला सांगायचा नसतो म्हणून तर तो पासवर्ड.”

“बापालासुद्धा?” मी आवाज चढवला. झालं, विषय संपला.

तिच्या फोटोंच्या अकाउंटला तिनं आणखी एक कुलूप लावलं होतं. नवीन फोनवरून उघडायला गेलं की तिच्या मोबाइलवर कोड यायचा. त्यामुळे मला ते उघडून बघता येईना. मी तिला तो कोड बंद करायला लावला. सुरक्षेसाठी! हे लिहितानाही कान गरम होतात.

मी तक्ता केला. कुणाचं, कशाचं, पासवर्ड काय. ठळक अक्षरात छापला, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केला आणि हॉलमध्ये वायफायच्या डब्याशेजारी चिकटवला. चार हातांवरून काय, सोफ्यावर आडवं पडूनही वाचता येत होता.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं स्पर्धा काढली: घरातलं फाइव्ह-एस. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आता सांगा, मला कोण हरवणार? मी घराचे अकरा फोटो पाठवले, त्यात वायफायच्या कोपऱ्याचा सगळ्यात देखणा. त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं. थर्मास आणि सर्टिफिकेट. फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला. मी तो स्टेटसला ठेवला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, सासुरवाडीच्या ग्रुपवर तर दोनदा टाकला, कारण पहिल्यांदा कुणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता.

आणि एका रविवारी सकाळी मुलीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. तुमच्या मुलीच्या अकाउंटवरून माझ्या मुलीकडे फोटो मागताहेत, म्हणाल्या. आधी ‘फंक्शनला ड्रेस ठरवायचाय, तुझे फोटो पाठव’, म्हणून तिनं दोन साधे फोटो पाठवले. मग पुढची मागणी आली ती वाचून पोरीनं घाबरून आईला फोन दाखवला. आमच्या लेकीनं अकाउंट उघडायला घेतलं तर उघडेना. पासवर्ड बदललेला. तिच्या हसऱ्या फोटोआड बसून कुणीतरी तिच्या मैत्रिणींना गळ घालत होतं.  पोरीची घालमेल मला दिसत होती, नाही असं नाही.

पण मी क्वालिटीचा माणूस. डिफेक्ट आला की आम्ही व्हाय-व्हाय करतो. एकाखाली एक पाच वेळा ‘का?’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला आणि लेकीला समोर बसवलं. कुठली लिंक उघडलीस? कुणाला पासवर्ड दिलास? मुलगा कोण आहे? ती म्हणाली, “मी काहीच केलं नाही, पप्पा.” मी म्हणालो, “काही न करता डिफेक्ट येत नाही.” हे वाक्य मी खरंच बोललो. ती रडायला लागली. मग मी तिचा फोन काढून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“अहो, आधी ते बंद कसं करायचं ते बघा ना!” बायको ओरडली.

“आधी मूळ कारण,” मी म्हणालो.

कारखान्यात खराब माल निघाला की पहिल्यांदा लाइन थांबवतात. नवीन लागलेल्या ट्रेनीलाही हे कळतं. मला वीस वर्षांत कळलं नाही. जो फोन हातात असता तर अकाउंट परत मिळवता आलं असतं, तो मी कुलुपात घातला होता. दोन दिवस तो नालायक तिच्या नावानं बोलत राहिला आणि मी कागदावर बाण काढत बसलो.

मंगळवारी कंपनीच्या बसमध्ये मी हे सगळं शेजारच्या सीटवर ओतलं. शेजारी मेंटेनन्सचा एक जण होता, मोशीला चढणारा, मूळचा तिथलाच. आजकालची पोरं, मोबाइल, संस्कार, असं माझं चाललं होतं. तो निमूट ऐकत फोन चाळत होता. मग म्हणाला, “राव, तुमचा त्यो बक्षिसाचा फोटू माज्याकडं अजून हाय.” त्यानं दोन बोटांनी तो मोठा केला आणि वाचायला लागला. पोरीचं नाव, अकाउंट, पासवर्ड. “लय क्लिअर आलाय. बिनचष्म्याचं वाचतोय बघा मी.”

 बस चाकणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकली होती, मी तिथंच उतरलो, रिक्षा करून घरी आलो. तक्ता भिंतीवरून ओढला तर रंगासकट निघाला. फोन लेकीच्या हातात दिला आणि म्हणालो, “बाळा, माझ्यामुळं झालंय.”  

पुढचं सगळं पोरीनं केलं. एकेका मैत्रिणीला फोन करून सांगितलं. अकाउंटची तक्रार टाकली, स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर डावी-उजवीकडे फिरवून ओळख पटवली. आम्ही पोलिसांच्या सायबर विभागातही गेलो. साहेबांनी विचारलं, “पासवर्ड कुणाला सांगितला होता?” मी शाळेतल्यासारखा हात वर केला. “किती जणांना?” मी स्टेटस बघणारे मोजायला लागलो, मग ग्रुप मोजायला लागलो. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं.

शुक्रवारी अकाउंट परत मिळालं. तो कोण होता ते अजून कळलेलं नाही. शनिवारी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेलो आणि तिच्या आईला सांगितलं की चूक आमच्या मुलीची नाही, माझी आहे. त्यांनी चहा विचारला नाही. मीही बसलो नाही.

रविवारी लेक हॉलमध्ये बसून नवीन पासवर्ड घालत होती, कोडचं कुलूप पुन्हा लावत होती. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मग मला मोठेपणा सुचला. म्हणालो, “यापुढे काही झालं ना, तर पहिल्यांदा मला सांगायचं. बाप आहे मी तुझा.”

तिनं फोन बाजूला ठेवला. “मागच्या वर्षी एक माणूस महिनाभर घाणेरडे मेसेज पाठवत होता,” ती म्हणाली. “ब्लॉक केलं की दुसऱ्या नावानं यायचा. कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचे मी.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही आधी मलाच विचारलं असतं, तू काय केलंस.”

मी काही बोलायला तोंड उघडलं आणि लाज वाटली, कारण जिभेवर प्रश्न आला होता तो तसाच होता: तुझा नंबर त्याच्याकडे गेला कसा? मी तो गिळला. तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “मी काही विचारणार नाही. फक्त ऐकतो. सांगशील आता?”

तिनं फोन परत उचलला.

“आज नको, पप्पा,” ती म्हणाली. “बघू.”