तीन रिकामे रकाने

कमलताई पराते यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावे तिकडे पायाचे खड्डे, मुरमाचे ढीग, क्रेन आणि लाल धूळ. त्या पसाऱ्याच्या कडेला, जरा उंचवट्यावर, तारेच्या कुंपणात हवामान निरीक्षणाची छोटीशी जागा होती. चार पायांवर उभी असलेली पांढरी जाळीदार लाकडी पेटी, तिच्यात तापमापक, शेजारी पाऊस मोजण्याचे भांडे आणि एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, एवढाच संसार. तिथे सहायक म्हणून माझी नेमणूक झाली होती. दुर्गहून सायकल हाणत मी पोहोचलो तेव्हा आठ वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. तेविशीच्या आतबाहेरची, सुती पातळ नेसलेली एक मुलगी पेटीचे दार लावून वहीत आकडे लिहीत होती. तिच्या मनगटावर पुरुषी घड्याळ होते.

"कोन तुमी?" त्यांनी वर न पाहता विचारले.

"नवीन असिस्टंट. मनोहर."

"मंग उद्या या. आजचं वाचन झालं."

"पाचच मिन्टं तं झाले, ताई."

"गाडी सुटल्यावर पाच मिन्टानं आलेल्या पॅसेंजरले गार्ड काय म्हनते? थोडीशीच गेली म्हनते?"

वडील रेल्वेत गार्ड असलेल्या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आठ वाजताच कुंपणाशी उभा होतो. त्या दिवशी ताईंनी मला साडेआठचे महत्त्व सांगितले. आपले साडेआठ वाजतात तेव्हा मॉस्कोत सकाळचे सहा वाजलेले असतात, लंडनमध्ये रात्र असते, जपानात दुपार होत आलेली असते. आणि त्याच क्षणी त्या सगळ्या ठिकाणी कुणी ना कुणी अशाच एका पेटीचे दार उघडून पाऱ्याकडे पाहत असते. सगळ्यांनी एकाच वेळी पाहिले, तरच पृथ्वीवरच्या हवेचे चित्र जुळते. जगाचे दोन तट तेव्हा एकमेकांना पाण्यात पाहत होते, तरीही हवामानाचे आकडे इकडून तिकडे जात होते. भिलाईच्या धुळीतली ही मुलगी स्वतःला त्या साखळीतली एक कडी समजत असे. मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्याजोगे वाटले होते. आज मला त्याची लाज वाटते.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीने मला जे पत्र पाठवले त्यात "लेख प्रसन्न असावा, जुने वाद उकरू नयेत" अशी प्रेमळ सूचना आहे. सूचना मी दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली. कमलताईंचा गौरव करायचा आणि वाद टाळायचा, हे व्हायचे नाही. या बाईंचे सगळे मोठेपण वादातच आहे.

पहिला वाद सांगतो. रशियन तंत्रज्ञांबरोबर नीना सेर्गेयेव्ना नावाच्या एक हवामानतज्ज्ञ बाई आल्या होत्या. धुराड्यांचा धूर कुठल्या वस्तीवर जाईल, पावसाचे पाणी काढायला नाल्या किती रुंद हव्यात, हे ठरवायला त्यांना वारा आणि पाऊस यांचे आकडे लागत. दर महिन्याला आमच्या तक्त्याची एक प्रत पुण्याच्या वेधशाळेकडे जाई, दुसरी नीनाबाईंकडे. त्या बदल्यात नीनाबाई आपल्या देशातल्या केंद्रांचे तक्ते ताईंना दाखवत. दोघींना धड एक भाषा येत नव्हती. मोडक्या इंग्रजीत आणि बोटांनी खुणा करत सगळे चाले. ताईंच्या आईने एकदा नीनाबाईंना बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा वाढला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिले आणि त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली.

हे काहींना खुपले. भांडारातले एक वयस्कर बाबू आमच्याच नागपूरकडचे होते. ते एकदा भर कँटीनमध्ये म्हणाले, "आपल्या देशाचा वारा-पाऊस परक्यायले कावून द्यायचा? हे गुपित हाय देशाचं."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, आपल्याकडं पाऊस येते तो काय दुर्ग टेशनावर उतरून येते? समुद्रावरून येते. तेथल्या जहाजावाल्यायनं आकडे देल्ले म्हनून आपल्याले मालूम पडते. घेताना गुपित नाई, देतानाच गुपित कसं काय?"

बाबू म्हणाले, "तू पोरगी हायेस, तुले राजकारन नाई समजत."

"राजकारन नाईच समजत. पाऊस समजते," ताई म्हणाल्या आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

आता दुसरा वाद. खरे तर या लेखाचे निमित्त तोच आहे. त्यासाठी ताईंच्या घरची स्थिती आधी सांगायला हवी. त्यांचे वडील सेवानिवृत्त झाले होते आणि दुर्गचे रेल्वे क्वार्टर त्यांना पावसाळ्यापूर्वी खाली करायचे होते. घरात आई, दम्याने बेजार वडील, शिकणारे दोन भाऊ. ताईंची नोकरी तात्पुरती होती, पण कायम होणाऱ्यांची यादी निघायची होती आणि तीत त्यांचे नाव पक्के मानले जात होते. कायम झाले की कारखान्याचे क्वार्टर मिळणार होते. आईने तर तुळशीवृंदावन कुठे ठेवायचे तेही ठरवून टाकले होते.

त्या उन्हाळ्यात ताईंना ताप भरला. तीन दिवस त्या अंथरुणाला खिळल्या आणि निरीक्षणाचे काम माझ्यावर आले. नेमके त्याच तीन दिवसांत दुर्गला माझ्या मामेबहिणीचे लग्न होते. रजा मागायची तर नव्या माणसाला कोण देणार? मी लग्नघरीच राहिलो. सकाळी अंगणात उभे राहून आभाळ पाहायचो, मामांच्या ओट्यावर टांगलेल्या तापमापकात डोकावायचो आणि आकडे लिहून टाकायचो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. तिन्ही दिवस दुर्गला थेंबही पडला नाही. पावसाच्या रकान्यात मी तीनदा "निरंक" लिहिले.

चौथ्या दिवशी ताई अशक्त पावलांनी कामावर आल्या आणि त्यांनी पावसाचे भांडे उघडले. त्यात दोन इंचांहून जास्त पाणी होते. दुर्गला कोरडे असताना भिलाईवर वळीव कोसळून गेला होता. पायाचे खड्डे भरले होते, मजूर पंप लावून पाणी उपसत होते. हे सारे गाव जाणत होते. ठाऊक नव्हते ते फक्त ज्याचे कामच पाऊस मोजण्याचे होते त्याला.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"लगनात जेवाले काय होतं?" त्यांनी विचारले.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, माझ्या तिन्ही दिवसांच्या ओळींवर रेघ मारली आणि तापमान, वारा, आर्द्रता यांचे रकाने नव्या तक्त्यात कोरे ठेवले. शेऱ्यात लिहिले, "निरीक्षण झाले नाही." पावसाचे पाणी मोजून "तीन दिवसांचे एकत्रित" अशी नोंद केली. "नाई पायलं तं नाई लिवाचं," त्या म्हणाल्या. "खाली जागा पाहून समोरचा सावध होते. खोटा आकडा पाहून तो फसते. अन् तो कुठं बसून फसन, मॉस्कोत का पुन्यात, ते आपल्याले कधीच मालूम पडत नाई."

तक्ता आमच्या साहेबांकडे गेला. साहेबांचे नाव मी लिहीत नाही. ते आज हयात नाहीत आणि त्यांना उत्तर देता येणार नाही. त्यांनी ताईंना बोलावले. मी दाराबाहेर उभा होतो आणि शब्द न् शब्द ऐकत होतो.

"हा कागद रशियन लोकांसमोर ठेवायचा? तीन दिवस आमची माणसं झोपली होती म्हणून सांगायचं? देशाचं नाक कापायला निघालात?"

"सर, निरीक्षण झालं नाही, हे खरं आहे."

"आधीचे आकडे होते ना? तेच राहू द्या. कोण बघायला येतंय?"

"मी बघितलंय, सर."

मग साहेब शांतपणे म्हणाले, "कायम करायची यादी माझ्या टेबलावर आहे, मिस पराते. नीट विचार करा. आणि त्या दिवसांत ड्यूटीवर होतं कोण?"

आता माझे नाव येणार, असे मी धरून चाललो होतो. आत जाऊन "मी होतो" असे सांगायला तीन पावलांचे अंतर होते. मी एकही टाकले नाही.

"चार्ज माझ्याकडे होता," ताई म्हणाल्या. "आणि विचार झालाय. कागद असाच जाईल."

तो तसाच गेला. ताईंनी साहेबांची सही नसलेली प्रत स्वतः नेऊन नीनाबाईंच्या हातात दिली. नीनाबाईंनी ते कोरे रकाने पाहिले, मग आपल्या कपाटातून त्यांच्याकडच्या एका बर्फाळ केंद्राचा तक्ता काढला. त्यात चांगला आठवडाभराचा कोरा पट्टा होता. निरीक्षक हिमवादळामुळे पेटीपर्यंत पोहोचू शकला नव्हता, एवढाच शेरा होता. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्या इंग्रजीत म्हणाल्या की या दोन्हींवर माझा विश्वास आहे. खड्ड्यांभोवतीच्या नाल्यांचा हिशेब पुढे त्याच एकत्रित पावसाच्या आकड्यावर झाला. माझ्या "निरंक"वर झाला असता तर दुसऱ्या वळवाला काय झाले असते, ते सांगायला नको.

यादी लागली. ताईंचे नाव तीत नव्हते. त्यांच्या जागी माझे होते.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. जे क्वार्टर ताईंच्या आईने मनात मांडून ठेवले होते, तसलेच क्वार्टर मला मिळाले आणि सेवानिवृत्तीपर्यंत मी त्यात राहिलो. पराते कुटुंब जवळच्या कुरुद गावात कौलारू दोन खोल्यांत गेले. आईंना विहिरीवरून पाणी आणावे लागे. ताईंना कायम व्हायला पुढे चार वर्षे लागली, तीही साहेबांची बदली झाल्यावर.

यादी लागली त्या दिवशी मी ताईंपाशी जाऊन रडलो. म्हटले, "मी सांगतो साहेबाले." त्यांनी मला रडू दिले, मग म्हणाल्या, "आता सांगून काय करतं? तुले काढतीन, मले घेनार नाईत, अन् पेटीपाशी कोनीच नाई राहनार. शिकवलं मी होतं, कच्चं शिकवलं. माफी-बिफी काई नाई देत मी तुले. उद्या साडेआठले ये."

मी गेलो. त्यानंतर माझ्या हातून एकही वाचन न पाहता लिहिले गेले नाही. मला जी काही नोकरी करता आली, मान मिळाला, तो त्या एका वाक्यावर.

ताईंच्या मायेबद्दल सांगायचे तर पानेच्या पाने भरतील, पण एक आठवण मला आजही सुखाने झोपू देत नाही. आमच्या मोठ्या मुलीच्या बारशाला ताई कुरुदहून सायकलवर आल्या. बाळंतिणीसाठी आईंनी दिलेले डिंकाचे लाडू पत्नीच्या हाती दिले, बाळाला मांडीवर घेतले. मग हात धुवायला मोरीत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "मनोहर, नळ चांगला हाय रे तुह्याकडं. धार मोठी येते." आवाजात टोमणा नव्हता, हेच मला सोसवले नाही.

आता समितीला दोन शब्द. ग्रंथासाठी लिहिलेल्या ताईंच्या परिचयाचा कच्चा मसुदा मी पाहिला. त्यात लिहिले आहे की, "सुरुवातीच्या काळात त्यांच्या हातून तीन दिवसांची कसूर झाली, परंतु ती त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली." ही गोष्ट भिलाई-दुर्गच्या मराठी मंडळींत वर्षानुवर्षे अशीच, कौतुकाने सांगितली जाते. मीही ती ऐकत आलो आणि मान डोलावत आलो. खोटा आकडा लिहिणाऱ्याची सवय एका दिवसात जात नाही, हे त्यावरून दिसते. ते वाक्य खोटे आहे. ते काढून टाका. सुधारून, मऊ करून चालणार नाही.

हे लिहिणार म्हणून मी गेल्या आठवड्यात दुर्गच्या पद्मनाभपुर वस्तीत ताईंच्या घरी सांगायला गेलो. पंच्याहत्तरीतही पाठ ताठ आहे. ऐकून त्या भडकल्या. "कायले उकरून राहिला हे? तुह्या नातवायनं वाचलं तं काय म्हनतीन? खबरदार लिवशीन तं!"

ताई, तुमचा शब्द मी इतकी वर्षे झेलला. हा एक झेलणार नाही. नातवंडांनी वाचावे म्हणूनच लिहिले आहे. जगात कुठेतरी बसलेल्या, कधी न भेटणाऱ्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून ज्या बाईने डोक्यावरचे छप्पर जाऊ दिले, तिच्या नावावर माझी कसूर मी राहू देणार नाही. मग तुम्ही रागवा, समिती रागवो, कुणीही रागवो.

तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नजर आणि आवाज असाच धारदार राहो, आणि शंभरावे वर्ष तुम्ही आम्हां सगळ्यांना दटावत साजरे करा. हा ग्रंथ हाती पडल्यावर लोक तुम्हांला विचारायला येतील की त्या तीन दिवसांत ड्यूटीवर होतं कोण. या वेळी माझे नाव सांगा.