हातावरची राख

जिजाबाई शिर्क्यांच्या वाटेला जाऊ नये, हे लहरीपुऱ्याच्या गुजराती बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होतं. बाई कसली, पेटती लवंगी माळ! आपल्या शेडमधल्या पिशव्या विकायला आली की आधी बाही वर सारायची, त्यातली एक काडीने पेटवायची आणि उघड्या हातावर धरायची. पिशवी कागदासारखी जळायची, भाकरी करपल्याचा वास सुटायचा आणि हातावर राख पडायची. ती फुंकून टाकत जिजाबाई म्हणायची, “मक्याची आहे. प्लॅस्टिक असतं तर हात गेला असता माझा.”

उगाच नव्हती बोलत ती. त्याच हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जुना व्रण होता. वीस वर्षांपूर्वी ती आणि धाकटी बहीण मंदा प्लॅस्टिक पिशव्यांच्या एका कारखान्यात कामाला होत्या. तिथे आग लागली. वर रचलेले गठ्ठे वितळले आणि त्यांचे जळते थेंब मंदाच्या अंगावर पडले. जिजाबाईने तिला ओढून बाहेर काढलं, पण अंगाला चिकटलेलं निघेना. ओढावं तर कातडी निघून यायची. मंदा तीन दिवस ओरडत होती, मग गेली. तेव्हाच जिजाबाईने शपथ घेतली, की पिशव्या ज्याच्या बनतात तो प्लॅस्टिकचा दाणा आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. पुढे मांजलपुरात पिशव्या बनवायला शेड घेतली, मक्याच्या स्टार्चचा दाणा आणला आणि धाकट्या भावाला, भास्करला, मशीनवर बसवलं.

त्या मंगळवारी जयंतीभाई दुकानदार भर बाजारात म्हणाला, “बेन, तमारी थेलीमां भेळसेळ छे.”

जिजाबाईने सणसणीत कानफटात ठेवून दिली. चष्मा उडाला, ओठ फुटला, जयंतीभाई डाळीच्या पोत्यांवर आडवा झाला. “मेल्या, माझ्या मेलेल्या बहिणीची आण आहे या मालावर! भेसळ म्हणतोस?” लोक मधे पडले तरी तिने त्याला आणखी दोन हाणल्या. मग त्याच्याच दुकानातली आपली पिशवी ओढून घेतली, बाही सारली आणि काडी ओढली.

राख पडलीच नाही. जळता थेंब पडला. कातडीला चिकटून तो तसाच जळत राहिला. मग दुसरा पडला.

“हाथ खसेडो, बेन!” लोक ओरडत होते. तिने हात हलवला नाही. तिसरा थेंब पडेपर्यंत ती नुसती बघत राहिली. तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

शेडमध्ये शिरली तेव्हा भास्कर मशीनपाशी होता. कोपऱ्यात ताडपत्रीखाली दडवलेली पोती तिने लाथेने उलटी केली. पांढरा प्लॅस्टिकचा दाणा फरशीभर पसरला. तिने लोखंडी पाना उचलला आणि भावाच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

“ताई, पिशव्या फाटत होत्या गं!” तो खाली पडून कळवळला. “माल परत येत होता. थोडाच मिसळला मी. कुणाला कळणार होतं?”

“हात पुढे कर.”

तिने त्याचीच पिशवी पेटवली. भास्करने धडका हात काखेत दडवला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “नको ताई, नको! पाया पडतो तुझ्या!”

“मंदासुद्धा हेच म्हणत होती,” जिजाबाई म्हणाली. पेटती पिशवी तिने फरशीवर टाकली, पायाने विझवली आणि भावाशेजारी बसून हमसाहमशी रडली.

दहाव्या दिवशी ती लहरीपुऱ्यात आली. हाताला पट्टी होती. जयंतीभाईच्या दुकानासमोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तू खरं बोललास. मी तुला मारलं. आता तू मार मला.” आणि गाल पुढे केला.

जयंतीभाईने ओठावरच्या खपलीवरून जीभ फिरवली. “जवा दो, बेन,” झालं गेलं सोडून देत तो म्हणाला. “नवो माल लाव्या?”

“आणलाय. मशीन धुऊन काढलं. पेटवून बघ, मगच घे.”

“पण कोना हाथ पर?” तिच्या पट्टीकडे बघत त्याने विचारलं.

जिजाबाईच्या मागे भास्कर उभा होता. एक हात गळ्यात बांधलेला. तो पुढे आला आणि दुसऱ्या हाताची बाही त्याने दातांनी वर ओढली.